गाजरगवताचे दिवस

"हा कर," मारोतराव म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात बरेच पालक गोळा झाले होते. देवरावने आधी मुख्याध्यापिका प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. त्या नुसत्या फरशीकडे पाहत राहिल्या. मग त्याने तोंड उघडलं आणि श्वास सोडला. ज्यांना तो रोज सकाळी त्यांच्या फाटकाशी नमस्कार करायचा, ते मारोतराव नाक पुढे करून त्याच्या तोंडाचा वास घेत होते, आणि वर्गाच्या खिडक्यांचे गज धरून मुलं ते पाहत होती.

"दारूचा नाही वाटत," मारोतराव म्हणाले. "पण काहीतरी उग्र वास येऊन राहिला. झाकायले लावलं असन."

"निलगिरीचं तेल हाय, साहेब. रुमालाले लावतो. नाक चोंदते म्हणून."

"अन् डोळे काहून लाल आहेत? गाडीतून उतरला तेव्हा पाय काहून लटपटत होते? माझ्या पोरीचा ओठ फाटला, टाके पडले, समजते का तुले काही?"

देवरावला समजत होतं. ताराच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलेलं रक्त त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. त्याने मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा सगळ्यांनी एकच अर्थ लावला.

"तुम्ही आता घरी जा, देवराव," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "कमिटी काय ठरवते, ते कळवू."

देवराव त्या शाळेची गाडी पहिल्या दिवसापासून चालवत होता. राहायचा इंदोऱ्यात, जरीपटक्याच्या अलीकडे. सायकलने रोज शाळेत यायचा, गाडी पुसायचा आणि प्रताप नगरकडची मुलं आणायला निघायचा. तिकडे नवे प्लॉट पडले होते. घरं थोडी आणि मोकळ्या जागाच जास्त. काही वर्षांपासून त्या जागांमध्ये गाजरगवत माजलं होतं. पाऊस सरला, ऊन तापू लागलं की ते कमरेएवढं व्हायचं आणि पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जायचं. दुरून पाहणाऱ्याला छान दिसायचं.

याच दिवसांत देवरावला शिंका सुरू व्हायच्या. एक नाही, दोन नाही, माळच लागायची. डोळे सुजायचे, नाकातून पाणी गळायचं. मुलं त्याला 'आक्छी काका' म्हणू लागली. त्याचं त्याला काही वाटत नसे. पण यंदा एका चौकात शिंकताना नाकातलं सगळं थेट हातावर आणि हातावरून स्टेअरिंगवर आलं, आणि मागे बसलेल्या नव्या बाईंनी "शी!" म्हणत पदर नाकाला लावला. त्या दिवशी तो गाडी लावून बराच वेळ नळाशी हात धूत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो धंतोलीत डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "ताप येतो का?"

"नाई जी."

"दरसाल याच दिवसांत होतं?"

"दसऱ्याच्या सुमाराले. थंडी पडली का आपोआप जाते."

"मग ही सर्दी नाही. हवा बदलते, गवताला फुलं येतात, त्या फुलांची धूळ तुमच्या नाकाला सोसत नाही. फडकं ओलं करून नाकाला बांधत जा. घरी गेल्यावर तोंड, डोळे धुवा. आणि ही गोळी, पण झोपतानाच. हिने झोप येते. काम काय करता?"

"ड्रायव्हर आहो."

"मग सकाळी अजिबात नाही. लक्षात ठेवा."

देवरावने मान हलवली. रात्रीच्या गोळीने झोप छान लागली. पण सकाळी फुलांच्या मधून गाडी जायला लागली की पुन्हा शिंका सुरू. ओलं फडकं बांधलं तर मुलं डाकू म्हणून ओरडली. तेव्हा एक दिवस त्याने सकाळी अर्धी गोळी घेऊन पाहिली. शिंक आली नाही आणि काही झालंही नाही. म्हणून त्याने पुढच्या सकाळी सगळी घेतली.

प्रताप नगरच्या सरळ रस्त्यावर पापण्या कधी मिटल्या, त्याला कळलं नाही. धक्क्याने जाग आली तेव्हा गाडीचं पुढचं चाक नालीत होतं, काचेपर्यंत पांढरी फुलं आली होती आणि मागून एक मुलगी रडत होती.

हे सगळं व्हरांड्यात सांगता आलं असतं. पण गोळीचं नाव काढलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की डॉक्टरने सांगितलं नव्हतं का? म्हणून त्याने तोंड उघडून वास घेऊ दिला, पण तोंड उघडून बोलला मात्र नाही.

बातमी इंदोऱ्यात त्याच्याआधी पोचली. बायको पंचफुला नळावरून आली ती रिकामी घागर घेऊनच.

"बाया म्हणून राहिल्या, तुमी पिऊन गाडी चालोली. खरं हाय का जी?"

"नाई वं."

"मंग काहून काढलं?"

"काढलं नाई. घरी बस म्हणलं." एवढं बोलून तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

अंगणात त्याचे वडील नानाजी बसले होते. दसरा तोंडावर आला होता, दीक्षाभूमीकडे जाणारे ट्रक भरभरून येऊ लागले होते. बाहेरगावच्या लोकांना पाणी पाजायचं काम नानाजी दरसाल करत, त्यासाठी ते पितळेची बादली चिंचेने घासत होते. गिरणीतून निवृत्त होऊनही त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. त्यांनी देवरावला हाक मारली. तो येऊन उंबऱ्यात बसला.

"देवा, मी बी पेत होतो," नानाजी बादलीकडे पाहतच म्हणाले. "तुले याद असन थोडंसं. तुही माय मले गिरणीच्या फाटकापासून धरून आणे. मंग छपन्न साली त्या मैदानात उभा राह्यलो, पांढरे कपडे घालून, अन् सोडली ते सोडली. तुही बी सुटन. लाजू नोको."

नानाजींनी शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर त्याला सोसलं असतं. त्याने तिथेच उंबऱ्यात सगळं सांगितलं. शिंका, डॉक्टर, अर्धी गोळी, सगळी गोळी.

नानाजींचा हात थांबला.

"डॉक्टरनं नोको म्हणलं होतं?"

"हो."

"तरी घेतली?"

"लोकं शी म्हणत, बाबा. लाज वाटे."

"गाडीत लेकरं होते?"

देवराव नखाने उंबरा खरवडू लागला.

"म्या इचारलं, लेकरं होते का?"

"होते."

नानाजींनी बादली पालथी घातली. "मंग शुद्ध गेली ते गेलीच. बाटलीनं गेली का गोळीनं, लेकरायले काय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी देवराव शाळेत गेला. प्रेमिलाबाईंनी त्याला पाहताच खुर्ची पुढे केली. त्याला खुर्ची अशी कधी मिळाली नव्हती.

"मी आज निरोपच पाठवणार होते," त्या म्हणाल्या. "आमचं चुकलं, देवराव. मारोतरावांनाही वाईट वाटतंय. दवाखान्यात टाके घालायला नेलं तेव्हा तुम्ही ताराला कडेवर घेऊन उभे होता, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, या माणसाला दारूचा वास नव्हता. आणि तो रस्ता तर कच्चाच आहे. पावसाने मुरूम खचला असणार. कमिटीला मी तसंच सांगितलं. उद्यापासून या."

बाहेर मधली सुट्टी झाली होती. मैदानात गलका चालला होता. 'बरं बाई' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम.

"मुरूम नाई खचला, बाई," देवराव म्हणाला. "माहा डोळा लागला होता."

आणि मग त्याने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, तेही.

प्रेमिलाबाईंनी समोरची वही मिटली. "कोणी विचारलं नव्हतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मग आता का सांगता?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शिंक आली. मग दुसरी, तिसरी, माळच लागली. नाक, डोळे, सगळं वाहू लागलं. नेहमीसारखा तो बाहेर पळाला नाही. रुमाल तोंडाशी धरून तिथेच उभा राहिला. थांबल्यावर बाईंनी माठातलं पाणी भरून पेला त्याच्यापुढे ठेवला.

गाडी त्याला पुन्हा मिळाली नाही. कमिटीने ओमप्रकाश नावाच्या तरण्या पोराला चालवायला ठेवलं आणि देवरावला मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम दिलं. मारोतराव पुढे कितीतरी दिवस ताराला सायकलवर सोडत राहिले. ते रस्त्यात दिसले की देवराव नमस्कार करी. ते कधी घेत, कधी नाही. इंदोऱ्यात तो पिणारा माणूस नाही हे हळूहळू लोकांना कळलं. पण मग गाडी का गेली, हे ज्याला त्याला सांगावंच लागे, आणि ते सांगताना त्याचे कान दरवेळी तापत.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात, फुलं यायच्या आत, नानाजींनी हाताला चिंध्या गुंडाळून घराभोवतीचं गवत मुळासकट उपटलं. शिंका आल्याच, पण थोड्या कमी. देवराव आता गोळी झोपतानाच घ्यायचा आणि दिवसभर नाकाला ओलं फडकं बांधायचं तो सोडत नसे. मुलं अजून डाकू म्हणत, आणि तोही डोळे वटारून दाखवी.

एका सकाळी, पुन्हा गाडीने येऊ लागलेली तारा त्याच्या शेजारच्या बाकावर येऊन बसली. ओठावर बारीक पांढरी रेघ उरली होती.

"काका, तुमी आता गाडी काहून नाई चालवत?"

"चालोता चालोता माहा डोळा लागला होता, बाई."

ताराने विचार केला. "मले बी लागते," ती म्हणाली. "गणिताच्या तासाले."

पुढे एक म्हैस आडवी आली. ओमप्रकाशने करकचून ब्रेक दाबला. देवरावने डाव्या हाताने ताराला धरलं, आणि त्याचा उजवा पाय, तिथे ब्रेक असल्यासारखा, पायाखालच्या कोऱ्या पत्र्यावर दाबला गेला. म्हैस सावकाश निघून गेली, गाडी पुन्हा चालू लागली, तरी पाय तिथेच होता.