तीर्थ प्यालेली बॅटरी

हरमलच्या दत्तप्रसादची जीप खड्डा आला की मरायची. दिवे, हॉर्न, सगळं गप्प. जरा हादरली की पुन्हा जिवंत. त्याने दोन बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटर बदलला, देवळात गाऱ्हाणं घातलं आणि मग कारापूरला माझ्या गॅरेजात आला. म्हणजे देवानंतर माझा नंबर.

"धाकू, कोणीतरी करणी केली रे!"

मी दिवे लावले आणि एकेक वायर हलवत गेलो. बॅटरीची अर्थिंगची वायर हलवली तसे दिवे विझले. तिची क्लिप उघडली, तर आत हिरवा गंज आणि कुंकवाचा चिखल.

"बॅटरीवर काय ओततोस?"

"नारळाचं पाणी. दसऱ्याला, आणि बंद पडली की दरवेळी."

मी कपाळावर हात मारला. क्लिप घासली, ग्रीस लावलं, नट आवळला आणि जीप तीनदा खड्ड्यातून नेली. एकदाही मेली नाही.

"देव पावला!" म्हणत दत्तप्रसादने समोरचा नारळ उचलला आणि मी अडवायच्या आत फोडून बॅटरीवर ओतलाही.

मी शिवी गिळली. नारळ माझाच होता, आठवडाभर बंद असलेल्या माझ्या कॉम्प्रेसरपुढे ठेवलेला.