सप्टेंबरचं पाणी

निकिताच्या पेजवर त्रेचाळीस व्हिडिओ होते. त्यांतल्या अकरांत विहीर दिसत होती, आणि अकराही व्हिडिओ सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात काढलेले होते. शेवटचा तिने टाकला मात्र तीन आठवड्यांपूर्वी. त्यात ती वरून सातव्या पायरीवर बसून हाताने पाणी उडवत होती. खाली लिहिलं होतं, ‘फेब्रुवारीतही आमच्या पारनेरात.’

तो व्हिडिओ जामखेडकडच्या एका शेतकरी गटाने पाहिला. गुरुवारी सकाळी अकराला एकतीस माणसं विहीर बघायला येणार होती.

पावसाचं पाणी मुरवायला टेकडीवर खणलेले, व्हिडिओत दाखवलेले चर खरे होते. ते खणल्यापासून विहिरीचं पाणी पंधरा दिवस जास्त पुरत होतं, तेही खरं. बीएस्सीला असल्यापासून निकिता दर आठवड्याला दगड बांधलेली दोरी सोडून पाणी मोजायची. पण पंधरा दिवस व्हिडिओत दिसत नाहीत, भरलेली विहीर दिसते.

आता अठ्ठेचाळीस फुटांच्या विहिरीत जेमतेम पाच फूट पाणी होतं.

विहीर सामाईक. दोन दिवस पाळी निकिताच्या घरची, दोन दिवस चुलत्यांची. बुधवार, गुरुवार चुलत्यांचे. मंगळवारी संध्याकाळी ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. उठली, पुन्हा बसली.

“नाना, दोन दिवस मोटार बंद ठेवाल का?”

मच्छिंद्रनाना विळ्याला धार लावत होते. “का बरं?”

“लोक येणारेत. तळाजवळचा खडक उघडा पडलाय. निदान तो तरी झाकला जाईल.”

“डीपी जळून लाईट गेली, तवा माझ्या पाळीचे चार दिवस गेले. अकरा दिवस झाले कांद्याला पाणी न्हाई. ऐन पोसायच्या वक्ताला.”

“माहितीये.”

“माहितीये म्हनती.” त्यांनी धार बोटाने तपासली. “किती लोक हायेत गं तुझे त्या मोबाईलमधी?”

“बारा हजार.”

“मग एकेक तांब्या आनाय सांग की समद्यांना. कांदाबी भिजंल अन् हीरबी भरंल.”

घरातून झुंबरकाकू म्हणाल्या, “पोरीला काय बोलता असं? गावात शोभा व्हईल तिची.”

नानांनी विळा खाली ठेवला. मग म्हणाले, “बरं. न्हाई चालू करत.”

निकिता घरी आली. फोन हातात घेतला, ठेवला. व्हिडिओ काढून टाकावा तर एकतीस जणांनी तो आधीच पाहिलेला. येऊ नका म्हणावं तर कारण काय सांगणार?

बुधवारी सकाळी सहाला तिने दोरी सोडली. सहा फूट दोन इंच. आठला पुन्हा, साडेनऊला पुन्हा. बाराला सहा फूट आठ इंच. तिने हिशेब केला. पाणी चढेल तसा पाझर मंदावतो. गुरुवारी अकरापर्यंत फार तर आठ फूट. सातव्या पायरीला अजून तीस फूट कमी. खडक झाकला तरी कुणाचा विश्वास बसणार होता?

ती बांधावरून कांद्यात उतरली. पाती माना टाकून पडल्या होत्या. नाना लिंबाखाली बसले होते, हातात काही काम नव्हतं. तिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ती तशीच मोटारीच्या पेटीकडे गेली. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती. तिने स्टार्टर दाबला.

पाटात पाणी आल्यावर नाना खोरं घेऊन उठले. “आन् उद्या?”

“उद्या पण चालू ठेवा.”

गुरुवारी टेम्पो ट्रॅव्हलर पावणेअकराला आली. माणसं उतरून काठावर जमली आणि वाकून पाहू लागली. मोटारीचा आवाज तेवढा येत होता. शेवटी रंगुबाई नावाच्या वयस्क बाईंनी विचारलं, “ताई, ती दुसरी हीर कुठं हाय? व्हिडिओतली?”

“हीच आहे.” निकिता म्हणाली. “व्हिडिओ सप्टेंबरचा होता. मी फेब्रुवारी लिहिलं. चूक नव्हती ती, मुद्दाम लिहिलं.”

“मग आमी शंभर किलोमीटर कशापायी आलो?” मागून एकजण म्हणाला. “ह्यापरीस माझी बरी.”

दोघंतिघं गाडीकडे वळलेही. रंगुबाई हलल्या नाहीत. “खरं किती हाय मग? का त्येबी अंदाजपंचे?”

“मोजून सांगते.”

“तू नको. मी मोजते. आण दोरी.”

निकिताने दोरी दिली. रंगुबाईंनी पदर खोचला, दगड तळाला टेकेपर्यंत दोरी सोडली, वर ओढली, आणि ओला भाग टेपला लावून दोनदा पाहिला.

“चार फूट पाच इंच,” त्या गाडीकडे वळलेल्यांनाही ऐकू जाईल अशा म्हणाल्या, “आता ते चर दाखव.”