हळदीनं पकडलेला चोर

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला शिवाजी पेठेतल्या रणझुंजार तालमीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. फुटबॉलची फायनल असावी तशी गर्दी, आणि चेंडूचा पत्ता नाही! आज चोर सापडणार होता, तोही भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावून. भिंतीवर माणसं, गच्चीवर माणसं, दुचाकीच्या सीटवर उभी माणसं, आणि जो तो मोबाइल उंच धरून.

त्रिशला मगदूम कोपरानं वाट काढत पुढं शिरली. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये ती अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची. राहायला तालमीच्या मागच्याच गल्लीत. चमत्काराचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तिला आक्काला तिथून सोडवून घरी न्यायचं होतं.

आक्का साठीची. सकाळी तालीम उघडून झाडायची, तिथल्या किल्ल्याही तिच्याकडंच; मग चार घरची धुणीभांडी. बावीस वर्षं हेच. बायका कपाट उघडं टाकून खुशाल बाजारात जायच्या, एवढा तिच्यावर भरवसा. तिला ना शेत, ना पेन्शन. प्रामाणिक बाई म्हणून जे नाव होतं, त्यावरच तिची चूल पेटायची. ते नाव दोन दिवसांत मातीत गेलं होतं.

झालं होतं असं. शुक्रवारी सकाळी तालमीचं कपाट उघडलं, तर फुटबॉलच्या स्पर्धेत जिंकलेली चांदीची ढाल गायब. पोलिसांत साधी तक्रारही गेली नव्हती, तोवर 'धडाका कोल्हापूर' नावाच्या मोबाइल चॅनेलचा राजवर्धन माइक घेऊन हजर. हा पठ्ठ्या बातमी असली तर सांगायचा, नसली तर ओरडून भागवायचा. दुपारी व्हिडिओ आला. आक्काचा झाडू मारतानाचा फोटो, भोवती लाल गोल, आणि खाली ठळक अक्षरांत, 'किल्ली हिच्याकडंच! मग ढाल कुठं मुरली?' संध्याकाळपर्यंत पेठेतल्या घराघरांत आक्का चोर ठरली. चारांतल्या तीन घरांनी 'उद्यापासनं येऊ नका' म्हणून सांगितलं. त्रिशलाचं तेवढं राहिलं.

पण एवढ्यावर भागलं तर ती गर्दी कसली! तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांनी भंडारबाबांना बोलावणं धाडलं, आणि राजवर्धननं सगळा सोहळा मोबाइलवर लाइव्ह लावला.

बाबा ऐटीत बसले होते. पिवळं धोतर, कपाळ हळदीनं लिंपलेलं, समोर ताटात भंडारा, तांब्यात तीर्थ आणि पाच लिंबं.

"ह्यो भंडारा खोटं खपवून घेत न्हाय!" बाबा गरजले. "प्रामाणिक हाताला पिवळा, चोराच्या हाताला लाल! बारा गावचं चोर धरल्यात म्या! पोलिसाला पुरावा लागतुया, मला फकस्त तळहात!"

तालमीत रोज शंभर गडी ऊठबस करणार, आणि परीक्षा कुणाची? तर झाडलोट आणि पाणी करणाऱ्या तीन बायांची! त्यांचे हात साबणानं धुऊन घेतले. बाबांनी पहिलीच्या तळहातावर चिमूटभर भंडारा टाकला, तीर्थ शिंपडलं, डाव्या अंगठ्यानं चोळलं. पिवळा. दुसरीचाही पिवळा. तिसरी आक्का. तिच्यापुढं मात्र बाबांनी डोळे मिटले, अंग घुमवलं आणि उजवा अंगठा रेटून चोळला.

आक्काचा तळहात लालभडक झाला.

"आयला! लाल झाला की रं!"

"काळं फासा तिच्या तोंडाला!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कुणीतरी गॅरेजमधनं काळ्या ऑइलचा डबाही आणला. माणसाला लाज वाटायला हवी होती, पण गर्दीला कसली लाज! राजवर्धन माइकमध्ये किंचाळत होता, "बघताय न्हवं मंडळी? देवानं न्याय दिला! विषय हार्ड! शेअर करा!"

"म्या न्हाय वो," आक्का हात पदराला पुशीत म्हणत होती. "म्या ढाल पुसायला बी कवा काढली न्हाय." ऐकतोय कोण?

त्रिशला ऑइलचा डबा घेतलेल्या माणसासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला होता. "तिच्या अंगाला बोट लावलंस तर बघ! आधी माझं ऐका सगळ्यांनी. हंबीरकाका, तुम्ही पण कपाट उघडता की. करा हात पुढं."

"माझा?" हंबीरराव हातातली तंबाखू तोंडात टाकत हसले. "अगं पोरी, मी अध्यक्ष हाय!"

"मग पिवळाच राहील की. भ्यायचं कशाला?"

"करा की काका!" गच्चीवरनं पोरं ओरडली. गर्दीला काय, तमाशा कुणाचाही चालतो. हंबीररावांना हात पुढं करावाच लागला. त्रिशलानं ताटातलाच भंडारा टाकला, तांब्यातलंच तीर्थ ओतलं आणि बोटानं चोळलं.

लाल! कुंकवासारखा लाल.

मागनं कुणीतरी खुदकन हसलं. "अध्यक्षच चोर व्हय?"

"थांबा, अजून एक चोर आहे," म्हणत तिनं राजवर्धनचा हात ओढला. लाइव्ह लावायच्या आधी त्यालाही तिनं तंबाखू मळताना पाहिलं होतं. त्याचाही तळहात लाल. त्यानं घाईनं मोबाइल खाली केला.

"आता कळलं का?" त्रिशला म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. शाळेत शिकवतात हे! तंबाखूत चुना घालून मळता, तो तळहाताला राहतो. इथल्या निम्म्या गड्यांचे हात लाल होतील. म्हणून तर बाबांनी एकाही गड्याची परीक्षा घेतली नाही."

"पर आक्का तंबाखू कुठं खातीया?" एकानं विचारलं. त्या सकाळचा तो पहिला शहाणा प्रश्न.

"नाहीच खात. आणि हात तर साबणानं धुतलेले. मग तिच्या हाताला चुना लावला कुणी?" तिनं बाबांचा उजवा अंगठा धरला.

"हात लावू नगंस! भस्म हुशील!"

"होऊ दे. क्लासला सुट्टी मिळंल."

अंगठा बाबांनी पुसला होता, पण नखाखाली चुन्याची पांढरी रेघ राहिली होती. भंडाऱ्यावर तीर्थ ओतून तिनं अंगठा त्यात दाबला तसा तो रसरशीत लाल झाला. त्रिशलानं बाबांचंच एक लिंबू त्यावर पिळलं. लाली उतरली आणि अंगठा परत पिवळा झाला.

"बघा, एका लिंबात पाप फिटलं!" ती म्हणाली. "आणि आक्काच चोर, हे बाबांना कसं कळलं? दैवी दृष्टी? अहो, शुक्रवारपासून अख्ख्या गावाच्या मोबाइलवर तिच्याभोवती लाल गोल आहे! तो ह्या राजवर्धननं काढला. बाबांनी फक्त हातावर उतरवला."

"ते ऱ्हाऊ दे," हंबीरराव चिडून म्हणाले. "मग आमची ढाल गेली कुठं?"

"कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडं असते?"

"सेक्रेटरीकडं. सयाजीकडं. बहिणीकडं लगीन हाय म्हणून मलकापूरला गेलाय बुधवारपासनं."

"त्याला विचारलं?"

हंबीरराव खाली बघायला लागले. "त्यो आपला मानूस. त्याला काय इचारायचं?"

त्रिशलानं नंबर मागून घेतला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागं सनई वाजत होती.

"ढाल?" सयाजी ओरडून बोलत होता. "ती म्या गुजरीत दिलीया की! सोनाराकडं, टीमची नावं कोरायला. गडबडीत सांगायचं ऱ्हायलं. का वो, काय झालं?"

हंबीररावांनीच घाईनं फोन कट केला. बाबा तेवढ्यात कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून पसार झाले. राजवर्धननं लाइव्ह कधीच बंद केलं होतं.

हंबीररावांनी घसा खाकरला. "झालं गेलं इसरा आक्का. आपण तुमास्नी साडीचोळी करूया."

"साडी नगं मला," आक्का म्हणाली. "माझा हात लाल झाला तवा टाळ्या वाजिवल्यासा. ऑइलचा डबा आणायला मानूस गावला. आन् एवढ्या मानसांत एकाला बी सयाजीला फोन लावाय जमलं न्हाय व्हय वो?"

माणसं एकेक करून पांगली.

सोमवारी 'धडाका कोल्हापूर'वर नवा व्हिडिओ आला, 'ढाल सापडली! बाबांच्या दरबारात मोठा उलगडा!' त्यात आक्काचं नाव नव्हतं, माफी तर नव्हतीच. लाल गोलवाला व्हिडिओ मात्र अजून तसाच फिरतोय. तीन घरांपैकी एका घरानं आक्काला परत बोलावलं. बाकी दोन घरांत आजही म्हणतात, "काहीतरी असल्याशिवाय का हात लाल झाला?"

त्यांच्या घरात हळद आहे, लिंबू आहे, आणि चुन्याची डबी कोपऱ्यावरच्या पानपट्टीत मिळते. करून बघावं.