मागच्या सीटवरचे डोहाळे

मित्रांनो, महाडजवळच्या वीर रेल्वे स्टेशनबाहेरच्या स्टँडवर उभी राहणारी मी एक जुनी रिक्षा आहे. माझे मालक रामजी. इतक्या वर्षांत ते कायम पुढे बसले. मागच्या सीटवर मी त्यांना एकदाच बसलेले पाहिले. त्या दिवसापासूनच सुरुवात करते.

गाडी नुकतीच येऊन गेली होती. एक प्रवासी दोन बॅगा घेऊन माझ्यात बसला होता. रामजी निघणार तोच त्यांचा फोन वाजला. मुंबईहून मुलगा बोलत होता. रामजींनी सगळे ऐकून घेतले, "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग त्यांनी त्या माणसाच्या बॅगा स्वतः उतरवल्या आणि शेजारच्या रिक्षात नेऊन ठेवल्या.

"महादू, ह्यांना महाडला सोड रे. माझं घरचं काम निघालं."

पण ते घरी गेले नाहीत. माझ्या मागच्या सीटवर, आतल्या बाजूला येऊन बसले. ती जानकीबाईंची जागा. जानकीबाई म्हणजे त्यांची बायको. आदल्या आठवड्यात मीच त्यांना मुंबईच्या गाडीला सोडले होते. मुलाने त्यांना मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेले होते. तिथेच त्या गेल्या, असे त्या फोनवर कळले होते. रामजी समोरचा आडवा दांडा धरून बसून राहिले. स्टँडवरच्या कुणीही हॉर्न वाजवला नाही.

आता माझे थोडे मागचे सांगते.

मी पुण्याकडच्या कारखान्यात तयार झाले. रामजींनी मला घरी आणले तेव्हा त्यांचा मुलगा बुद्धरत्न शाळेत जात होता. घरात त्याला रतन म्हणतात. जानकीबाईंनी माझ्या काचेवर झेंडूची माळ लावली आणि वस्तीत साखर वाटली. रामजींनी काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतले. तेव्हापासून मी वीर ते महाड, महाड ते पाचाड अशी धावले. गडावर जाणारी माणसे नेली, नवऱ्या मुली नेल्या, तांदळाची पोती नेली. "रामजीची रिक्षा रस्त्यात कधी बंद पडत नाय," असे लोक म्हणत. मला बरे वाटे.

पण मी बंद पडत नव्हते ते जानकीबाईंमुळे. रोज सकाळी त्या मला धुवायच्या. चाकाच्या खोबणीतला चिखल काडीने काढायच्या. सीट पुसताना म्हणायच्या, "धुवायला मी आन् बसायला दुनिया."

रामजी हसून म्हणायचे, "अगो, सीझन होऊ दे, मग जाऊ."

'होऊ दे, मग जाऊ.' हे त्यांचे पालुपद होते. उन्हाळ्यातल्या भाड्यांचा सीझन व्हायचा, मग भातलावणी यायची. ती व्हायची, मग रतनची परीक्षा. रामजी वाईट नव्हते. त्यांना खरेच वाटायचे की एक दिवस मग जायचेच आहे.

रतन मोठा झाला, एमआयडीसीत कामाला लागला. त्याचे लग्न झाले. सून निशा पोलादपूरच्या पलीकडची. शिकलेली आणि हसरी. यंदाच्या चैत्रात तिला दिवस गेलेले सगळ्यांना कळले आणि घर एकदम हलके झाले. सातव्या महिन्यात ती माहेरी जाणार होती. तोवरचा उन्हाळा आमचा होता.

एकदा तिला तपासायला महाडला नेले. येताना चवदार तळ्याजवळ रस्ता अडला होता. रामजी पुढे, सासू-सुना मागे. मित्रांनो, रिक्षातले एक गुपित तुम्हाला सांगते. इंजिन चालू असले की मागे हळू आवाजात बोललेले पुढे ऐकू येत नाही. मला मात्र सगळे ऐकू येते.

जानकीबाई तळ्याकडे बघत म्हणाल्या, "दर वर्साला येतो, पण गर्दीत उभंच राहायला लागतं. हितं एकदा नुसतं बसायाचं होतं गो. कोण नसताना."

"मग बाबांना सांगा ना, आई."

"सांगून झालं. सीझन होऊ दे म्हणतात."

निशाने पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, "गरोदर बाईचे डोहाळे मोडले तर काय होतं हो?"

"मोडू नयेत. पोराचे कान फुटतात म्हणतात."

"हे बाबांना माहीत आहे?"

"त्यांनाच जास्ती ठाव. रतनच्या वेळी मला फणस पायजे होता, तर अवकाळी पावसात भिजत घेऊन आले होते."

"मग झालं तर," निशा म्हणाली.

जानकीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या आठवड्यात रतनची सुट्टी आली तेव्हा निशाने जेवताना सांगितले की तिला चवदार तळ्याच्या पायरीवर बसायचे डोहाळे लागले आहेत. रामजींचा घास हातात राहिला.

"लोकांच्या सुनांना चिंचा लागतात. हे कसले डोहाळे?"

"बाळालाच विचारा, बाबा."

नाही म्हणायची सोय नव्हती. सीझन ऐन भरात होता, तरी रामजींनी स्टँडवर सांगितले की आज मी नाही. आम्ही निघालो. रतन बापाच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसला आणि वळून वळून बायकोकडे बघत राहिला. तळ्यावर त्या वेळी कोणी नव्हते. जानकीबाई खालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी तळहातावर पाणी घेतले. रतन आणि निशा बाळाच्या नावावरून वाद घालत होते.

"झालं का मन भरून?" रामजींनी निशाला विचारले.

"आईंना विचारा."

"आईला काय विचारायचं? दिवस तुला गेलेत."

पुढच्या सुट्टीला निशाला सव गावचे गरम पाण्याचे कुंड आठवले. तिथे गेल्यावर निशा काठावर बसून राहिली आणि पाय बुडवले जानकीबाईंनी. "डोहाळे सुनेला आन् पाय सासूचे," रामजी म्हणाले. "डाक्टरनी मला गरम पाणी नको सांगितलंय," निशा म्हणाली. "मग आलो कशाला?" "बघायला." रतन इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग पाचाड. तिथल्या एका खानावळीत रामजी भाडे घेऊन गेले की नेहमी जेवायचे. निशाला तिथलीच पिठले-भाकरी हवी झाली. खानावळवाल्या येसूबाईंनी चौघांना वाढले. जानकीबाई खुर्चीवर नीट टेकून बसल्या. भाकरी संपत आली तशी त्या सवयीने उठायला लागल्या.

"बसा हो," येसूबाई म्हणाल्या. "भाकरी मी आणते."

जानकीबाई परत बसल्या. येताना मागच्या सीटवर त्या निशाला म्हणाल्या, "दुसऱ्यानं गरम गरम वाढलं की भाकर वेगळीच लागते गो." निशा पर्समधली कैरी मीठ लावून खात होती. ती कैरी जानकीबाईच रोज कापून द्यायच्या. निशाचे खरे डोहाळे तेवढेच होते.

तो उन्हाळा असा गेला. पोट वाढत होते म्हणून रामजी मला फार जपून चालवायचे. खड्डा दिसला की वेग कमी करायचे आणि आरशात बघून विचारायचे, "सूनबाई, लागलं नाय ना?" निशाला लागत नव्हते. ती आरामात बसलेली असायची. पण प्रत्येक खड्ड्याला माझा आडवा दांडा कोणीतरी घट्ट धरायचे. तो हात जानकीबाईंचा होता. पुढे पुढे ती पकड जास्त घट्ट झाली.

एकदा निशाने विचारलेही, "आई, दुखतंय का कुठे?"

"नाय गो, खड्डा लागला."

आरसा सुनेकडे वळवलेला होता. मला बोलता येत नाही.

एक ठिकाण राहिले होते. पोलादपूरकडच्या उमरठच्या पुढे एका वाडीत जानकीबाईंचे माहेर. आईबाप गेले, भाऊ मुंबईला गेला, घराला कुलूप लागले आणि जाणे थांबले. वाडीखाली एक वहाळ आहे, छोटा ओढाच. त्यात सपाट कातळ आहे. त्यावर त्यांची आई कपडे धुवायची आणि लहानगी जानकी पाण्यात पाय सोडून बसायची. "तो कातळ एकदा बघायचा हाय," त्या निशाला म्हणाल्या होत्या.

निशाने घरी विषय काढला. "मला उमरठच्या पुढे जायचंय. वहाळावर. तिथे एक कातळ आहे."

रामजी बघत राहिले. "तुला कसा ठाव तो कातळ?"

"स्वप्नात आला."

"हिच्या स्वप्नात नकाशा हाय," रतन म्हणाला.

या वेळी मात्र रामजी बधले नाहीत. तो रस्ता खड्ड्यांचा, चढणीचा, आणि निशाला सातवा लागलेला. "पोटात पोर हाय. बाळंतपण होऊ दे, मग जाऊ. पोरालाच घेऊन जाऊ." ते काळजीनेच बोलले. निशाने जानकीबाईंकडे पाहिले.

"बरोबर हाय त्यांचं," जानकीबाई म्हणाल्या.

निशाची ओटी भरली आणि मी तिला माहेरी सोडून आले. मग पावसात जानकीबाईंना चालवेना. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले. वीरला जाताना रतन पुढे बापाशेजारी होता आणि मागच्या सीटवर त्या एकट्याच होत्या. रामजींना म्हणाल्या, "आज भाडं घेऊन सोडा. पॅसेंजर हाय मी." रामजी म्हणाले, "परत ये, मग बघू." पुढचे तुम्हाला माहीतच आहे.

निशाचे दिवस भरत आले होते. तिला शेवटच्या दर्शनालाही येऊ दिले नाही.

त्यानंतर मी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिले. मला कोणी धुतले नाही. चाकाला चिखल वाळला. शेजारची कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायला लागली. रामजी ओट्यावर बसून तिच्याकडे बघायचे, पण हाकलायचे नाहीत. महादू दोनदा येऊन गेला. "रामजीदादा, स्टँडवर ये. लोक विचारतात." रामजी म्हणायचे, "येतो."

निशाला मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला आणायची वेळ आली तेव्हा रामजींनी ताडपत्री काढली. कोंबडीला उचलून टोपलीत ठेवले. बादली आणली आणि पहिल्यांदाच मला स्वतःच्या हाताने धुतले. चाकाच्या खोबणीतला चिखल कसा काढायचा ते त्यांना माहीत नव्हते. बराच वेळ ते बोटाने खरवडत होते. मग त्यांना ओट्याच्या फटीत खोचलेली काडी दिसली.

येताना आम्ही पोलादपूरला थांबलो. रतन बाळाला कानटोपी आणायला दुकानात गेला. ती रामजींनीच आणायला सांगितली होती. सकाळपासून ते बाळाचे कान बघत होते.

"निशा, हिचे कान बरे हायत ना गो? वाहत नाय ना?"

"बरे आहेत, बाबा. का?"

"तुझा एक डोहाळा राहिला ना. उमरठचा. माझ्या मनाला लागून राहिलंय."

निशा म्हणाली, "बाबा, इंजिन बंद करा."

त्यांनी बंद केले.

"तो डोहाळा माझा नव्हता. एकही माझा नव्हता. तळं, सव, पाचाड, सगळे आईंचे होते. मला नुसती कैरी हवी होती. ती आईंनी रोज दिली."

रामजी पुढेच बघत होते. रस्त्यावरून एक एसटी गेली.

"मग तिनं मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं म्हणाल्या. तुम्ही म्हणालात..."

"होऊ दे, मग जाऊ," रामजी स्वतःच म्हणाले.

मग त्यांनी वळून मागे पाहिले. आरशातून नाही, पूर्ण वळून. निशा बाहेरच्या बाजूला बसली होती आणि आतली जागा तिने मोकळी ठेवली होती. बाळ झोपेत ओठ हलवत होते. रामजींनी त्याच्या कानाला बोट लावले.

"पाण्यात पाय बुडवून ती कशी बसली होती," ते म्हणाले. "आन् मी तिला हसलो."

"त्याही हसत होत्या, बाबा."

रतन कानटोपी घेऊन आला. रामजींनी इंजिन चालू केले. उमरठकडे जाणारा रस्ता समोर होता. हँडल तिकडे वळले. मला ते कळले. पण आभाळ भरून आले होते आणि बाळ रडायला लागले. "पावसाळा सरू दे..." इतके बोलून रामजी थांबले. पुढचे दोन शब्द त्यांनी म्हटले नाहीत. हँडल सरळ केले आणि आम्ही घरी आलो.

आता मी परत स्टँडवर असते. रामजी रोज सकाळी मला काडी घेऊन धुतात. कोणी म्हातारी बाई मागे एकटी बसली की ते आरसा तिच्याकडे वळवतात आणि विचारतात, "लागलं नाय ना, आये?"

मित्रांनो, मी एक यंत्र आहे. मला तेल घातले आणि पुसले की मी चालते. माणसांचे तसे नसते. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, जे सगळ्यांचे करते आणि स्वतःचे मागत नाही. त्याला कुठे जायचे आहे ते विचारा. विचारताना इंजिन बंद ठेवा, म्हणजे उत्तर ऐकू येईल. आणि 'मग जाऊ' म्हणू नका.

पावसाळा सरला. भात कापून झाले. रस्ता कोरडा आहे, माझी टाकी भरलेली आहे आणि बाळ आता मान धरते. उमरठच्या पुढच्या वहाळावर आम्ही अजून गेलेलो नाही.