भाकरीची खिरापत

आमच्या वासंतीचं काय सांगावं. सून शिकलेली हवी हे मीच म्हटलं होतं, आता भोगते आहे. बुलढाण्याला शाळेत शिकवते, घर नीट ठेवते, सगळं खरं. पण सासूचं नाव सासूला न विचारता कुठं देऊन यावं? वरवट बकालहून मी चार दिवस लेकाकडे, इंद्रभानकडे आले, तर ही म्हणते, "आत्याबाई, रविवारी बालगृहात पोरींच्या वेण्या घालायले तुमचं नाव देऊन आली मी. बाया कमी पडून राह्यल्या."

"काऊन? माह्या घरी कामं संपले, म्हणून दुसऱ्याच्या पोरींच्या उवा काढू?"

ती हसली. माझ्या बोलण्यावर हसणारी घरात ती एकटीच.

गेले. माघार घेतली असती तर अन्नपूर्णाबाई भ्याली म्हणाले असते लोक. पण ठरवूनच गेले, वेण्या घालीन, तिथलं पाणीही घेणार नाही. कोणाच्या कोण पोरी, हातचं कसं खावं?

टिनाचं छप्पर, सारवलेली पडवी, आणि पोरींना सांभाळणारी केसरबाई. पोरी रांगेनं बसल्या. तेल चोपडलं, गुंता ओढला, एकीनं हूं की चूं केलं नाही. माझ्या नाती तर फणी पाहूनच बोंबलतात. मला ते काही बरं वाटलं नाही.

"दुखते तर सांगा व. मी काई सरकारी बाई नाई."

"दुखते," पंचफुला नावाची आठेक वर्षांची पोर लगेच म्हणाली. मग सगळ्यांनाच दुखायला लागलं.

वेणी झाली की एकेक आत पळे. भादव्याची पौर्णिमा होऊन गेली होती, आता कोजागिरीपर्यंत भुलाबाईचे दिवस. कोनाड्यात त्यांनी मातीची भुलाबाई बसवली होती, नाक जरा जास्तच मोठं. तिच्यापुढे गाणी झाली. गाण्यांनंतर खिरापत, फडक्याखाली झाकलेली, आणि पाहुणीनं ती ओळखायची. या खेळात मला माहेरी-सासरी कोणी हरवलेलं नाही.

पंचफुलानं थाळी माझ्यापुढे ठेवली. केसरबाई कानाशी म्हणाली, "काल आलेल्या बायांनी ओळखली, पण खाल्ली कोणीच नाई. पोरी आज करतच नव्हत्या. तुमच्या हातून वेण्या झाल्या अन् आपणहून लागल्या करायले."

"आंबट का गोड?" मी विचारलं.

"गोड."

"लाडू."

"नाई."

"शिरा. करंजी. फुटाणे."

पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. थाळी हलवून पाहिली, आवाज नाही.

"हरली व माय मी."

फडकं निघालं. सकाळच्या भाकरीचा कुस्करा आणि गूळ. प्रत्येकीनं स्वतःसाठी राखलेला तुकडा त्यात घातलेला. भाकरीची खिरापत मला सुचणार कशी? आमच्याकडे उरलेली भाकर म्हशीला जाते.

हसणं थांबलं. सगळ्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. कालच्या बाया इथूनच उठल्या होत्या. मला न्यायला आलेली वासंती दारात उभी होती.

घरात सगळ्यांना वाढून देणारी मी. मला कोणी झाकून काही आणून किती वर्षं झाली, ते आठवेना. मूठभर घेतलं, खाल्लं. गूळ खारट होता, तरी दुसऱ्यांदा हात घातला.

"आजी, आमालेबी ठेवा," पंचफुला म्हणाली.

"मंग पाहत काय बसल्या? खा ना."

एकाच थाळीत आम्ही सगळ्यांनी खाल्लं. भुलाबाईला मी मनातल्या मनात हात जोडले. मोठ्या नाकाची का असेना, तिनंच मला पाहुणी केलं.

आम्ही परत निघालो. वळणावर मीच थांबले.

"इंद्रभानले सांग, आई कोजागिरीपरेंत इथंच हाये. अन् तू आयक. सासूले न विचारता नाव देलं, हे चुकलंच तुह्यं. पण पोरी, चांगल्या जागी चुकली तू."