दोन पिल्लांची टोपली

“हिरड्या बघू दे आधी,” म्हणत काशीरामने कुत्र्याच्या पिल्लाचा ओठ अंगठ्याने वर सारला.

हिरड्या पांढऱ्याफटक. मानेवरची कातडी त्याने चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसायचं नाव घेईना. टोपलीतल्या पेंढ्यावरचं रक्त दिसायच्या आधीच त्याला वास आला होता. गंजकं लोखंड आणि सडकी मासळी एकत्र यावी तसा. ब्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात हा वास त्याच्या नाकात घर करून बसला होता.

“कधीपासून?”

“काल सकाळपासून,” सालोमी म्हणाली. टोपलीच्या वासाने कंडक्टरने तिला एस.टी.त घेतलं नव्हतं. नंदाखालपासून आगाशीच्या या गुरांच्या दवाखान्यापर्यंत ती डोक्यावर टोपली घेऊन चालत आली होती. “सुरमईचं डोकं खाल्लं याने. मला वाटलं काटा अडकला. म्हणून केळं दिलं.”

“किती?”

“सकाळी दोन, सांजेला दोन. ओकला, मग आणिक एक. काटा उतरवायला केळंच देतात ना आमच्यात.”

काटा अडकला की केळं, हे काशीरामलाही त्याच्या आईने दिलं होतं. माणसाच्या काट्याला ते चालतं. पण हा काटा नव्हता.

“रक्त जंतांनी पडतं, उंदराच्या औषधानं पडतं, हाडानंही पडतं,” तो म्हणाला. “पन हा वास नवीन रोगाचा. पिल्लांनाच धरतो. अंगातलं पानी सगळं खाली जातं. मोठं कुत्रं दिवसभर तग धरेल, याला दुपार मोठी हाय.”

“मग द्या ना काहीतरी.”

“डॉक्टर फुलपाड्याला गेलेत, म्हशींना लस द्यायला. पाचला येतील.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

काशीराम दारापर्यंत गेला, रस्ता बघून परत आला. पुन्हा गेला. बावीस वर्षं तो इथे ड्रेसर होता. सुया उकळायच्या, औषध भरायचं, सिरिंज डॉक्टरांच्या हातात द्यायची. सहा वर्षांपूर्वी, डॉक्टर असेच बाहेर असताना, त्याने एका बैलाला इंजेक्शन दिलं होतं. बैल मरणारच होता, तो मेला. पण मेमो काशीरामला मिळाला. पुन्हा घडलं तर नोकरी जाईल, असं त्यात लिहिलं होतं. पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

ओट्यावर हरेश्वर पाटील म्हैस धरून बसला होता. “काशीराम, म्हशीला माझ्या साधी गोळी नाय,” तो म्हणाला, “आन् कुत्र्यासाठी येरझाऱ्या. हा दवाखाना गुरांचा का सायेबलोकांचा?”

“तुझी म्हैस रवंथ करते, हरेश्वर. ती तुझ्यापेक्षा बरी हाय.”

सालोमी हसली नाही. पिल्लाच्या कपाळावर बोट फिरवत ती गुणगुणत होती:

*दोन कुत्री दारी माझ्या, दोघांची गं पाळी,*
*एक जागं सांजवेळी, एक जागं सकाळी.*

टोपलीतलं दुसरं पिल्लू टुकटुक बघत होतं. एकाच पोटची दोघं; आजारी ते थोरलं, हे धाकटं. नवरा बॅप्टिस्ट गेल्यापासून केळीच्या वाडीत सालोमी आणि ही दोघं, एवढाच संसार.

“याला कशाला आनला?”

“एकटा मागे रडतो.”

“घरी गेल्यावर वेगळा बांध. भांडं वेगळं, पेंढा जाळून टाक. हा नुसता मलूल पडला, तरी वाट बघू नको. केळं नको, भात नको, दूध नको.”

बारा वाजले. पिल्लाने मान टाकली. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी राहत नसल्यासारखे.

काशीराम कपाटाकडे गेला. बैलांसाठी ठेवलेल्या सलाईनच्या दोन बाटल्या तिथे उभ्या होत्या. स्टोव्ह पेटवून त्याने सुई उकळत ठेवली. नळी जोडली. पिल्लाच्या खांद्यामागची कातडी उचलली आणि सुई आत सारली. थेंब उतरू लागला. कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा आला, मग हळूहळू जिरला.

हरेश्वरने म्हैस खुंट्याला बांधली आणि न सांगता बाटली हातात उंच धरून उभा राहिला. “हे मी कोनाला सांगनार नाय,” तो म्हणाला.

“मी सांगनार हाय,” काशीराम म्हणाला.

पाचला डॉक्टर आले, तेव्हा त्याने दारातच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पिल्लाच्या मांडीत बोटं घालून नाडी बघितली, मग सुईची जागा बघितली.

“बरोबर घातलीय,” ते म्हणाले. “पण काल हवी होती.” वर न बघताच त्यांनी पुढचं सांगितलं, “उद्या मला लेखी द्या, काशीराम. नियमाने घ्यावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी काशीराम दवाखाना उघडायच्या तासभर आधीच आला. ओटा ब्लीचिंग पावडरने धुतला, सुका दिसला म्हणून पुन्हा धुतला. खिशातला कागद काढून वाचला, घडी घातली, पुन्हा वाचला. चार ओळी होत्या. चूक झाली, असं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद घेतला, वाचला आणि काचेच्या वजनाखाली ठेवला.

तेवढ्यात सालोमी आली. चालत नाही, जवळजवळ धावत. लाल लुगड्याचा काठ धुळीने भरलेला.

“थोरला पहाटे गेला,” ती म्हणाली. धाप आवरत तिने टोपली खाली ठेवली. “हा आत्ता तासाभरापूर्वी पहिल्यांदा ओकला. रक्त नाय अजून. काशीरामभाऊ, केळं नाय दिलं. पानी पन नाय.”

काशीरामने सवयीने स्टोव्ह पेटवला, सुई उकळली, नळी जोडली आणि डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी नळी घेतली नाही. त्याच्या हातून बाटली तेवढी घेतली आणि उंच धरली.

“घाला,” ते म्हणाले.

पेंढा नवा होता, पण टोपली जुनीच. सालोमीने सवयीने त्यात दोन खळगे केले होते. धाकटं एका खळग्यात पडून दुसऱ्याकडे नाक करून होतं. काशीरामने त्याला तसंच ठेवलं आणि कातडी उचलली.