धुईतलं चित्र

तुमच्या घरावरचा तो सांगाडा कधी उतरवता, असं कचरूला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मी उतरलो की." म्हणजे खांद्यावरून जायची वेळ आली की. सोनाळ्यात तोवर घराघरावर डिशच्या छत्र्या लागल्या होत्या आणि जुन्या अँटेनांच्या नळ्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. त्यातल्या निम्म्या कचरूनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या. आता गावात एकच अँटेना उभा होता, त्याच्या धाब्याच्या घरावर, सातपुड्याकडे पाठ करून.

या धंद्यात माणसं दोन लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा अँटेना फिरवतो आणि ओरडतो, "आलं का?" खालचा टीव्हीसमोर बसून सांगतो, आलं, गेलं, मुंग्या आल्या, आता थांबा, हालू नका. वरच्याला चित्र कधी दिसत नाही. तीस वर्षं कचरूनं गावाला मॅची दाखवल्या, सिनेमे दाखवले आणि स्वतः फक्त कावळे पाहिले. घरचा अँटेना लावतानाही तोच वर, आणि खाली त्याची बायको जनकाबाई.

मधे एक तिसरं माणूस होतं, त्यांची एकुलती एक मुलगी, धम्मशीला. हिवाळ्यात धुई पडली, म्हणजे दाट धुकं उतरलं, की अँटेनावर कुठकुठले लांबचे चॅनेल यायचे. कचरू त्यांना पाहुणे म्हणायचा. पाहुणा आला की जनकाबाई खरोखरच चहा टाकायची, आणि लहानगी धम्मशीला वही घेऊन बसायची. कोणती भाषा, किती वाजता आला, किती वेळ थांबला, सगळं ती लिहायची आणि मग बापाच्या मागे लागायची, "बाबा, हा आला कुठून?"

कचरू तिला समजावून सांगायचा. टॉवरची लहर एरवी सरळ जाते आणि आभाळात निघून जाते. पण थंडीत जमिनीजवळ हवा गार होते, तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं, आणि लहर त्या झाकणाखाली कोंडली जाऊन पाटाच्या पाण्यासारखी लांब लांब वाहत येते. "वारा सुटला की पाट फुटला. पाहुणा गेला." पोरगी मान डोलवायची आणि वहीत पाट काढायची. त्या वहीनंच तिला विज्ञानाचं वेड लावलं, शेतकी कॉलेजात नेलं आणि शेवटी नोकरीसाठी पार तेलंगणात, आदिलाबादच्या पलीकडे पोचवलं.

पुढचं सांगायला कचरूला आवडत नसे. मेहकरचा मास्तर, नागसेन, मुलगा सोन्यासारखा. त्याच्याशी तिचं ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या, विहारात तारीखही सांगितली होती. आणि पोरीनं तिकडेच, सोबत काम करणाऱ्या एका तेलुगू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. कचरूनं एस.टी.नं मेहकर गाठलं आणि नागसेनच्या बापापुढे हात जोडले. परत आल्यावर फोनवर तो पोरीला एवढंच बोलला, "आता जिवात जीव आहे तोवर तुह्यं तोंड पाह्यणार नाई." ती त्याचीच पोरगी. तीही म्हणाली, "बरं." या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. दर रविवारी ती आईशी बटणांच्या फोनवर बोलायची, तेव्हा कचरू बाहेर जाऊन उगाच सायकलची चेन पुसायचा. चेहरा दाखवणारे फोन अजून त्यांच्या गल्लीत आले नव्हते. वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा टीव्हीच्या डुगडुगत्या टेबलाखाली पाचर म्हणून बसला होता.

त्या वर्षी पौषात अवकाळी पाऊस होऊन गेला आणि त्यामागून अशी थंडी पडली की माणसं दुपारीही शेकोटी सोडेनात. वारा नाव घ्यायला नव्हता. एका सकाळी कचरू उठून बाहेर आला तर गाव नव्हतंच. सातपुडा नव्हता, निंब नव्हता, समोरच्या कारभारीचं घर नव्हतं. नुसता कारभारीचा आवाज होता आणि तो धुईला शिव्या देत होता, तुरीचा फुलोरा गळणार म्हणून.

कचरूला मात्र आतून उकळी फुटली. "जनके, चहा टाक वं! पाहुणे येतीन आज."

तो शिडीनं वर गेला. वर सगळं पांढरं, मऊ आणि गप्प होतं. धाब्याची कडाही नीट दिसत नव्हती. आपण एखाद्या होडीत उभे आहोत आणि होडी कुणी न ढकलता निघाली आहे, असं त्याला वाटलं. त्यानं अँटेना हळूहळू आग्नेयेला फिरवला. छताला उजेडासाठी झरोका होता, त्यातून टीव्हीची खरखर वर येत होती.

"आलं का?"

"मुंग्या हायेत. आलं! नाई, गेलं."

एक नळी ढिली झाली होती. ती मुठीत धरली की चित्र येई, सोडली की जाई. कचरूनं तार गुंडाळून पाहिली, ओला फडका बांधला, स्टीलची ताटली अडकवली. ताटली नको, फडका नको, त्या अँटेनाला माणसाचाच हात हवा होता. शेवटी तो नळी धरून उभा राहिला.

"काय दिसते?"

"शेती दिसते. भाषा नाई समजत. तेलुगू असंन." मग जनकाबाई एकदम गप्प झाली. इतकी गप्प की कचरूला वाटलं, लाईट गेली.

"आलं का वं?"

"आलं," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक होता. "हालू नका. तुमाले सांगतो, बिलकुल हालू नका."

"कोण हाये?"

"कोणी नाई. एक बाई हाये. हरभऱ्याच्या अळीचं काईतरी सांगून राह्यली."

आणि झरोक्यातून तो आवाज वर आला. भाषा परकी, एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या तेलुगूच्या मधेच, अडखळल्यावर, एक शब्द आला, "म्हंजे..." आणि आवाज पुन्हा तेलुगूत शिरला. लहानपणी वहीतलं वाचून दाखवताना ती अशीच अडखळायची आणि अशीच "म्हंजे" म्हणून सावरायची. कचरूच्या हाताची बोटं नळीवर घट्ट झाली.

झरोका चार पावलांवर होता. वाकलं असतं तर खालचा टीव्ही दिसला असता. पण चार पावलं जायचं तर नळी सोडावी लागणार, आणि नळी सोडली की चित्र जाणार. शिवाय त्यानं शब्द दिला होता, तोही स्वतःच. तो धुईकडे तोंड करून उभा राहिला. तीनशे किलोमीटरवरून पोरीचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा वाहत आला होता आणि त्याच्या हातातून खाली घरात उतरत होता. त्याला रडू आलं. वर कोणी पाहणारं नव्हतं, म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

आठच्या सुमारास ऊन आलं, सातपुडा जागेवर आला आणि पाहुणा गेला. कचरू खाली आला. जनकाबाईचे डोळे लाल होते आणि चहा उतू जाऊन चूल विझली होती.

"धूर झाला वं लय," कचरू म्हणाला.

"हाव ना," जनकाबाई म्हणाली. तिला भीती होती, की सांगितलं तर हा गडी उद्यापासून वर चढायचाच नाही. आणि कचरूला भीती होती, की कळलंय म्हटलं तर मग काहीतरी ठरवावं लागेल. म्हणून दोघांनी धुरावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी धुई होती. तिसऱ्याही दिवशी होती. रोज सातला कचरू वर, जनकाबाई खाली, आणि तिकडे रोज अळीवरच्या त्या कार्यक्रमाचा पुढचा भाग. जनकाबाई आता टीव्हीसमोर नेहमीच्या लुगड्यात बसत नसे, बुद्धजयंतीला नेसायचं पांढरं नेसून बसे. कचरूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ज्या माणसानं तालुकाभराच्या नळ्या पान्यानं आवळल्या, त्याला घरची एक नळी आवळायला तीन दिवसांत पाना सापडेना. कारभारी खालून ओरडला, "काऊन बे कचरू, थंडीत मराचं हाये काय? कोणता सिनेमा पाहून राह्यला?" कचरू म्हणाला, "अळीचा." तेवढ्यापुरतं ते खोटं नव्हतं.

चौथ्या सकाळी धुई होती, पण सारखी नव्हती. मधेच विरत होती, मधेच दाटत होती. कचरूच्या गालाला वाऱ्याची बारीकशी झुळूक लागली. आता पाट फुटणार. आज जे येईल ते शेवटचं, आणि पुढची अशी धुई कोणत्या वर्षी पडेल, कोण जाणे.

"आलं का?" त्यानं विचारलं.

खालून उत्तर आलं नाही. टीव्हीतला आवाज येत होता, म्हणजे चित्र आलेलं होतं. मग शिडी करकरली. थांबली. पुन्हा करकरली. जनकाबाईचे गुडघे गेल्यापासून ती शिडीच्या वाटेला गेली नव्हती. आधी तिचा पांढरा पदर धुईतून वर आला, मग ती आली, रांगतच.

"तू काऊन वर आली? पडशीन ना!"

जनकाबाई दम खात उभी राहिली. "मले येडी समजता काय तुम्ही? अर्धा अर्धा तास थंडीत उभे राह्यता, थे काय तेलुगू लोकायच्या हरभऱ्यासाठी?"

कचरूनं मोकळ्या हाताच्या बाहीनं नाक पुसलं.

"आणा थे नळी इकडं. जा खाली."

"मी बोललो होतो जनके. तोंड पाह्यणार नाई म्हणून."

"मग डोळे मिटून बसा. पण जा." तिनं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "वारा सुटून राह्यला हो. जा ना आता."

त्यानं एकेक बोट सोडलं. टीव्हीतला आवाज तुटला नाही. अँटेनाला माणसाचा हात हवा होता, कोणाचा का असेना.

कचरू शिडीवरून खाली आला, घरात गेला आणि टीव्हीसमोर जनकाबाईच्या जागेवर बसला. जागा अजून गरम होती. त्यानं खरंच डोळे मिटले होते. तीस वर्षांत या घरात पाहुण्याचं चित्र येत असताना तो पहिल्यांदाच खाली बसला होता. "म्हंजे," पोरगी म्हणाली. त्यानं डोळे उघडले.

चित्र पांढुरकं होतं आणि मुंग्यांनी भरलेलं होतं. लांबच्या चित्राला असते तशी तिच्या बाजूला तिचीच एक फिकी सावली होती, त्यामुळे पोरी दोन दिसत होत्या. हातात हरभऱ्याचं डहाळं. कानात आईच्याच घडणीचे टॉप्स. त्यावरचा दाण्यांचा घाटा फोडून ती अळी दाखवत होती आणि मधेच सरळ समोर, बापाकडे बघत होती.

"दिसते का?" वरून आवाज आला.

कचरू टीव्हीच्या आणखी जवळ सरकला.

"अवो, दिसते का?"

"दुबळी झाली वं थे," कचरू म्हणाला. "लयच दुबळी झाली."

"पाहा मंग पोटभर. मी धरून हावो."

त्यानं पाहिलं. दोन मिनिटं असतील, फार तर तीन. मग वारा आला, निंब सळसळला, दोन पोरींची एक झाली, एकीची मुंग्यांची रांगोळी झाली आणि नुसती खरखर राहिली. झरोक्यातून उन्हाचा तुकडा टेबलावर पडला. तिकडे कारभारी देवाचे आभार मानत होता, तूर वाचली म्हणून.

"आलं का?" जनकाबाई वरून विचारत होती. तिनं नळी सोडली नव्हती. "आलं का वो परत?"

"नाई. गेलं," कचरू म्हणाला. तो उठला, टीव्ही बंद केला आणि झरोक्याखाली येऊन मान वर करून उभा राहिला. "जनके, उतर आता. हळू उतर. आन् सांग मले, फोन कुठी ठेवला?"